लॉन्सडेल स्ट्रीटवरची दुपार

शुक्रवार

मेलबर्नला लेकीकडे किंवा बहिणीकडे आलेले मराठी पाहुणे पहिल्या आठवड्यात एमसीजी बघतात, ग्रेट ओशन रोडला जातात, फिलिप बेटावरचे पेंग्विन बघून येतात. मला मात्र आधी पोर्ट मेलबर्नचा धक्का पाहायचा होता. रविवारी लॉन्सडेल स्ट्रीटवर ग्रीक लोकांचा उत्सव होता. ही माणसं या शहरात कुठून शिरली ते न बघता तिथे गेले असते, तर तो माझ्यासाठी नुसता खाण्यापिण्याचा बाजार ठरला असता.

१०९ नंबरची ट्राम शेवटच्या थांब्यावर, बीकन कोव्हला, थेट समुद्रापाशी सोडते. शेवटच्या टप्प्यात तिचे रूळ जुन्या रेल्वेच्या वाटेने जातात. १८५४ मध्ये ऑस्ट्रेलियातली पहिली वाफेची रेल्वे याच वाटेवर धावली. समोर स्टेशन पिअर आणि थोडं पलीकडे प्रिन्सेस पिअर. स्टेशन पिअर अजून वापरात आहे. प्रिन्सेस पिअरचा पुढचा थोडाच भाग नीट करून ठेवलाय, त्यापलीकडे फळ्या नाहीत. लाकडी खांबांच्या रांगाच रांगा पाण्यात उभ्या आहेत. तिथे कठड्याला टेकून मी बराच वेळ उभी होते.

दुसऱ्या महायुद्धातली उपासमार आणि त्यामागोमाग १९४९ पर्यंत चाललेलं यादवी युद्ध, यांत ग्रीसची खेडी पार मोडून पडली. १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार झाला आणि बोटी भरून माणसं निघाली. आधी बहुतेक एकटे तरुण आले. मग लग्नासाठी मुली येऊ लागल्या. १९५७ मध्ये 'बेगोन्या' नावाच्या बोटीतून शेकडो ग्रीक मुली इथे उतरल्या. त्यांतल्या कित्येकींनी होणाऱ्या नवऱ्याचा फक्त फोटो पाहिला होता. हातातला फोटो आणि धक्क्यावरची गर्दी यांची सांगड घालत त्या जिना उतरल्या असतील. १९५९ च्या अखेरीस 'पॅट्रिस' नावाची ग्रीक बोट ग्रीसमधल्या पिरेअस बंदराहून सुरू झाली, आणि तिचं नाव आजही इथल्या ग्रीक घरांत निघतं. उतरलेले लोक जवळच्याच फिशरमन्स बेंडच्या मोटार कारखान्यात, रिचमंड आणि कॉलिंगवूडच्या कापड आणि बूट कारखान्यांत कामाला लागले.

त्या वर्षांत आपल्या लोकांना हे दार जवळजवळ बंदच होतं. गोऱ्यांनाच घ्यायचं हे धोरण पूर्णपणे गेलं ते १९७३ मध्ये. ग्रीकांनाही कुणी पायघड्या घातल्या नव्हत्या. ते काळसर, लसूण खाणारे, मोठ्याने बोलणारे म्हणून त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. हे लक्षात ठेवूनच मला रविवारच्या रस्त्याकडे बघायचं होतं.

शनिवार

ताई आणि दाजी क्लेटनला राहतात. तिथून दोन स्टेशनांवर ओकली आहे, आणि आजच्या मेलबर्नमध्ये ग्रीक माणूस भेटायचा असेल तर ओकलीलाच जावं लागतं. ईटन मॉल ही तिथली पादचाऱ्यांसाठीची गल्ली. दोन्ही बाजूंना कॉफीची दुकानं, मधोमध टेबलं, आणि सकाळी दहापासून टेबलांवर म्हातारे. हातात मण्यांची माळ, समोर कॉफीचा छोटा कप, आणि राजकारण. ग्रीक कॉफी लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात मंद आचेवर करतात. वर फेस आला की उतू जायच्या आत उचलतात. फेस मोडला तर ती कॉफी पाहुण्याला देत नाहीत. तरुण मुलं मात्र फ्रापे पीत होती. विरघळणारी कॉफी, साखर आणि थोडं पाणी घुसळून वर बर्फ, एवढीच कृती. ही फ्रापे १९५७ मध्ये ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहराच्या व्यापारी जत्रेत जन्मली. गरम पाणी मिळेना म्हणून एका विक्रेत्याने गार पाण्यातच कॉफी घुसळली, अशी तिची गोष्ट सांगतात.

ओकलीत दिवस मजेत गेला, पण मनात एक प्रश्न आला. माणसं इथे आहेत, दुकानं इथे आहेत, मग उत्सव शहराच्या मध्यात लॉन्सडेल स्ट्रीटला का? दाजींनी उत्तर दिलं, "अगं, पूर्वी ते सगळे तिथंच असायचे." म्हणजे रविवारी हे लोक आपल्या जुन्या आळीत परत जाणार होते.

रविवार

लॉन्सडेल स्ट्रीट हा शहरातला मोठा, वाहता रस्ता. रसेल स्ट्रीट आणि स्वान्स्टन स्ट्रीट यांच्यामधला त्याचा तुकडा म्हणजे ग्रीक आळी. शेजारच्या लिटल बर्क स्ट्रीटवर चायनाटाउन आहे. एका चौकात दोन परदेश. विसाव्या शतकात या तुकड्यात कॉफीगृहं होती, पुस्तकांची आणि रेकॉर्डची दुकानं होती, गावाकडचं तिकीट काढून देणारे आणि पैसे पाठवून देणारे एजंट होते, आणि वरच्या मजल्यांवर एकेका बेटाची, एकेका जिल्ह्याची मंडळं होती. मग लोकांनी उपनगरांत घरं घेतली, रस्त्यावरची भाडी चढली, आणि दुकानं एकेक करून गेली. आज थोडीच उरली आहेत. कोपऱ्यावरचं 'स्टॅलॅक्टाइट्स' १९७८ पासून आहे. आत छतावरून चुनखडीच्या गुहेसारखे सुळके लोंबतात, त्यावरूनच हे नाव. त्याच्या आसपासच ग्रीक मंडळाची उंच नवी इमारत आहे. हे मंडळ १८९७ चं. उत्सव तेच भरवतं. आपल्याकडे प्लेगची साथ चालू होती, चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली, त्याच वर्षी इथे मूठभर ग्रीकांनी संस्था काढली, आणि ती आजही शाळा चालवते, वर्ग घेते, रस्ता मागून घेते. मला या सलगपणाचं फार मोल वाटतं.

फेब्रुवारी संपत आला होता, म्हणजे इथला ऐन उन्हाळा. आम्ही दोनच्या सुमारास पोचलो. मोटारी बंद केल्या होत्या. ट्रामच्या घंटा मागे पडल्या आणि कोळशाचा वास आला. पुढे नुसता धूर आणि माणसं. रस्त्याच्या एका टोकाला मोठा मंच, दोन्ही कडांना तंबूंची रांग, आणि मध्ये इतकी गर्दी की भाचीचा हात सोडायची सोय नव्हती. डोक्यावर निळ्या-पांढऱ्या पताका. मुलांच्या गालांवर निळे-पांढरे पट्टे.

खाण्याचं सांगते, कारण सुरुवात तिथूनच झाली. एका तंबूत लोखंडी कुंडात कोळसे रसरसत होते आणि वर मेंढीच्या मांसाचे मुठीएवढे तुकडे लांब सळयांवर सावकाश फिरत होते. हे सुवला, आणि यात सायप्रसच्या लोकांचा हात धरणारं कुणी नाही असं म्हणतात. छोट्या सळयांवरचं ते सुवलाकी. मीठ, ओरेगानो, लिंबू, ऑलिव्हचं तेल, बस. दुसरा मसाला नाही. कोल्हापूरच्या माणसाला हे आधी फिकं वाटतं. दुसऱ्या घासाला मांसाची स्वतःची चव लागायला लागते, आणि मग तिखटाची आठवणही येत नाही. सोबत जाड, मऊ पिटा आणि काकडी-लसूण घातलेलं घट्ट दही.

ताई शाकाहारी आहे. तिची पंचाईत होईल अशी मला धास्ती होती, पण झालं उलटंच. पालक आणि फेटा चीज भरलेली स्पानाकोपिता, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला आंबूस भात, टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल, तव्यावर भाजलेलं हलुमी चीज. तिची ताटली माझ्यापेक्षा भरलेली होती. फिलो पिठाचे पापुद्रे इतके पातळ लाटलेले की स्पानाकोपिता मोडताना त्यांचा चुरा ताईच्या ओढणीभर झाला.

पुढच्या तंबूत ऑक्टोपस भाजत होते. तिथे बसलेल्या एका आजींशी गप्पा झाल्या, म्हणजे त्या ग्रीकमध्ये बोलत होत्या आणि त्यांची नात इंग्रजीत सांगत होती. त्या लेस्वोस बेटावरच्या, साठच्या दशकात बोटीने आलेल्या. मोठा उपवास जवळ आलाय, त्या म्हणाल्या, मग मांस बंद, दूध-अंडी बंद, मासेसुद्धा बहुतेक दिवस बंद. ऑक्टोपस मात्र चालतो. ऑर्थोडॉक्स चर्चच्या नियमात रक्त असलेला जीव वर्ज्य. ऑक्टोपस, शिंपल्या, कोळंबी त्यात धरत नाहीत. म्हणून ईस्टरआधीच्या त्या आठवड्यांत ग्रीक घरांत ऑक्टोपस शिजतो. उपवासाचे नियम किती बारकाईने घासूनपुसून बसवलेले असतात, हे मराठी घरात वाढलेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. आजी आणि ताई त्यानंतर बराच वेळ कुठल्या वाराला काय चालतं यावर बोलत होत्या, आणि नात बिचारी दोघींकडे बघत भाषांतर करत होती.

त्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, कोल्हापूरच्या, आणि आमच्या गावच्या संग्रहालयात तुमचा पोसायडन आहे. त्यांना आधी पटेना. मग मी सांगितलं. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथल्या उत्खननात १९४० च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती निघाली, आणि आता ती टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडची गलबतं मोसमी वाऱ्यावर भडोच, कल्याण, चौलपर्यंत यायची आणि त्यांचा माल घाट चढून सातवाहनांच्या शहरांत जायचा. कार्ल्याच्या लेण्यात तर खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलेली आहेत. बुद्धाच्या चैत्याला खांब देणारे ग्रीक! आजींनी नातीला हे दोनदा सांगायला लावलं. मग बटव्यातून फोन काढून कुणाला तरी लावला आणि मोठ्या आवाजात तीच बातमी दिली. त्यात मला 'पोसिदोनास' आणि 'इंडिया' एवढे दोन शब्द कळले.

गोडासाठीची रांग सगळ्यांत लांब होती. लुकुमादेस. करणारी बाई डाव्या मुठीत सैल, आंबवलेलं पीठ घ्यायची, मूठ आवळली की अंगठ्याच्या वर एक गोळा फुगून यायचा, तो उजव्या हातातल्या ओल्या चमच्याने छाटून तेलात. एवढ्या झपाट्याने की कढईत बघता बघता शंभरेक गोळे नाचायला लागत. वरून मध, दालचिनी, अक्रोडाचा चुरा. आपल्या गुलगुल्यांची ही हलकी, आतून पोकळ बहीण. पिठात अंडं नाही, त्यामुळे ताईही खूश. कागदी वाडगा रिकामा झाला तेव्हा भाचीचे दोन्ही हात कोपरापर्यंत मधाने माखले होते.

खाणं झालं आणि आम्ही मंचाकडे सरकलो. मी आले होते ते यासाठीच.

पहिल्यांदा पोन्टोसचे नर्तक आले. काळे कपडे, डोक्याला काळा रुमाल, छातीवर काडतुसांचे पट्टे. पोन्टोस म्हणजे काळ्या समुद्राचा तुर्कस्तानाकडचा किनारा. तिथे शतकानुशतकं ग्रीक राहायचे. १९२३ च्या लोझानच्या कराराने लोकसंख्येची अदलाबदल झाली आणि दहा लाखांहून अधिक ग्रीकांना घरदार सोडून ग्रीसला यावं लागलं, तिकडून लाखो मुसलमानांना तुर्कस्तानात. आपल्या फाळणीच्या चोवीस वर्षं आधीची ही फाळणी. यांची लिरा गुडघ्यावर उभी धरून गजाने वाजवतात, आवाज कापरा आणि तीक्ष्ण. नर्तक एकमेकांना खेटून उभे राहतात, पाय जमिनीत रोवल्यासारखे, आणि खांद्यांपासून खाली सगळं अंग थरथरतं. मंचावरची मुलं विशीतली. त्यांनीच काय, त्यांच्या आईवडिलांनीही तो किनारा पाहिलेला नसणार. हे शरीराने शिकवलं जातं, आजोबाने नातवाचा खांदा धरून, आणि म्हणून टिकतं. मला तर वाटतं, गाव गेल्यावर मागे राहतं त्यातलं सर्वांत चिवट हेच.

मग एक मध्यमवयीन गृहस्थ एकटेच पुढे आले. झेबेकिको. हे नृत्य आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, निर्वासितांबरोबर आलं आणि पिरेअसच्या बंदरातल्या गरीब वस्त्यांत रुजलं. नऊ मात्रा, संथ. एकट्याचं, ठरलेल्या पावलांशिवायचं. हात पंखांसारखे उघडे, नजर जमिनीवर. भोवती मित्र एका गुडघ्यावर बसून टाळ्या देत होते. दुसऱ्याच्या झेबेकिकोत शिरायचं नाही, हा अलिखित नियम आहे. हजारो माणसं होती तिथे, तरी त्या माणसाला त्याच्या दुःखाची जागा मोकळी करून दिलेली होती.

आणि मग कालामातियानोस. पांढरी फुस्तानेला, म्हणजे चुण्यांचा घागरा, घातलेली पोरं आणि सोन्याच्या नाण्यांची माळ घातलेल्या मुली मंचावरून थेट रस्त्यावर उतरल्या. फुस्तानेलाला चारशे चुण्या, तुर्की सत्तेच्या चारशे वर्षांसाठी, असं म्हणतात. सगळ्यांत पुढचा नर्तक हातातला रुमाल उंच धरतो, मागचे हात धरून साखळी करतात. साखळीचं शेपूट उघडं असतं. ज्याला यायचं त्याने येऊन शेवटचा हात धरायचा.

मी लहानपणी काही वर्षं तबला शिकले आहे. ढोलकाकडे कान दिला आणि अंगावर काटा आला. तीन, दोन, दोन. हा तर रूपक ताल! ती ती ना, धी ना, धी ना. सात मात्रा, तेच तीन खंड. पावलं पडत होती पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, एक लांब आणि दोन आखूड. कालामातियानोसची बारा पावलं म्हणजे बरोबर रूपकाची चार आवर्तनं. आपल्याकडे रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'वर येते, टाळी न देता, त्यामुळे तो आपल्याला तरंगता वाटतो. इथे पहिल्याच मात्रेवर ढोल दणकतो आणि पाय जमिनीवर येतो. ताल तोच, वजन निराळं. ताईला म्हटलं, "मी चालले," आणि जाऊन शेवटचा हात धरला. तो हात एका जाडजूड, घामेजलेल्या काकांचा होता. त्यांनी मान हलवली आणि माझी बोटं घट्ट धरली. मनात बोल म्हणत होते म्हणून पाय आपोआप पडत गेले. पुढच्या फेरीत माझ्या हाताला ताई, तिच्या हाताला भाची, भाचीच्या हाताला एक चिनी मुलगा, आणि त्यामागे आणखी कोण कोण होते ते मला दिसलंच नाही.

२०२१ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात सव्वाचार लाखांच्या आसपास लोकांनी आपलं मूळ ग्रीक लिहिलं, आणि त्यांचं सर्वांत मोठं शहर मेलबर्नच. एवढ्या संख्येला सभागृहं भरवणं अवघड नाही. पण सभागृहात त्यांचेच लोक आले असते. रस्ता घेतला, म्हणून आम्ही आलो, तो चिनी मुलगा आला, आणि मुख्य म्हणजे त्यांचीच तिसरी-चौथी पिढी आली, जिला घरात ग्रीक बोलायचा कंटाळा येतो. परक्यांसमोर मिरवायला मिळालं की मुलांना आपलं ते आवडायला लागतं, हे मी त्या फुस्तानेलावाल्या पोरांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट पाहिलं. टिळकांनी गणपती चौकात आणला त्यामागे कारणं वेगळी होती, पण चौकाची ही ताकद त्यांनी ओळखली होती.

संध्याकाळी रेट्यातून बाहेर पडताना आजी पुन्हा भेटल्या. आता त्यांच्याबरोबर त्यांचे यजमान होते. त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि फक्त "पोसिदोनास!" म्हणाले. मी फोनमध्ये शोधून त्यांना मूर्तीचा फोटो दाखवला. दोघांनी डोळे बारीक करून पाहिला, आणि नातीने तो स्वतःच्या फोनवर घेतला.

सोमवार

पाय भरून आले होते, तरी सकाळी ईस्ट मेलबर्नला व्हिक्टोरिया परेडवरचं ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च पाहून आले. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं, विटांचं, बाहेरून साधं. आत सोनेरी पार्श्वभूमीवरच्या मूर्तिचित्रांची भिंत आणि लोबानाचा वास. एक बाई मेणबत्त्यांची जळलेली टोकं वाळूतून काढून डब्यात टाकत होती. फार थांबले नाही.

घरी आले तर ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत होती. दर वर्षी त्यांचा गणपती भाड्याच्या सभागृहात होतो, दारं लावून, आतल्या आत. तिने मंडळाच्या गटात लिहिलं होतं की या वर्षी निदान विसर्जनाच्या दिवशी नगरपालिकेकडे अर्ज करून एका गल्लीची परवानगी मागू या, आणि लेझीम बाहेर काढू या. दुपारपर्यंत उत्तरं आली. काहींना विम्याची काळजी, काहींना आवाजाची, दोघांना पावसाची. एका मुलीने, बहुधा इथेच जन्मलेल्या, लिहिलं होतं, मला लेझीम येत नाही पण मी येणार.

"लेझिमा आहेत का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"चार," ताई म्हणाली. "त्यांतल्या दोन मोडक्या."

दाजींनी मोजायला सुरुवात केली. वीस मुलं धरली तर किती, बोटीने पाठवल्या तर किती दिवस, कस्टमला लाकडी दांडे चालतात का. लाकडाच्या बाबतीत इथे फार कडक तपासणी असते, हे त्यांना माहीत होतं. शेवटी ठरलं ते असं. कोल्हापुरातून मी फक्त लोखंडी साखळ्या आणि चकत्या पाठवायच्या, आणि दांडे इथेच करून घ्यायचे. ओकलीला एक म्हातारे ग्रीक सुतार आहेत, दाजींच्या ओळखीचे. त्यांना नमुना म्हणून ताईची एक मोडकी लेझीम दाखवायला उद्या सकाळी तिघं जायचं.